जुना व्हिडिओ गेम उघडताना



झाशीतील आपल्या माळ्यांवर पितळी भांड्यांशेजारी नव्वदच्या दशकातील व्हिडिओ गेमही आता धूळ खात आहेत. मंडळातील मुलांसमवेत आम्ही असे एक यंत्र, अडॅप्टर काढून, उघडले. ते १९८३ साली जपानात निघालेल्या निन्टेंडोच्या ‘फॅमिकॉम’ची नक्कल होते. मूळ यंत्रात चिपा सुट्या, क्रमांकांसह बसविलेल्या. कामाची स्मृती अवघी २ किलोबाइट! स्वस्त नकलेत मात्र बहुधा सारे काळ्या रेझिनच्या थेंबाखाली बंद. तेथे दुरुस्तीस वाव नाही.

तथापि दोष पुष्कळदा चिपेत नसतोच. कॅसेटच्या ६० धातुपट्ट्यांवर मळ साचतो. फुंकर मारण्याची आपली सवय येथे अपायकारक, कारण श्वासातील ओलाव्याने धातू गंजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजविलेल्या कापसाने पट्ट्या पुसाव्यात. सुटलेली तार जोडताना मुले हिंदीतील ‘टांका’ म्हणाली. वडीलधाऱ्यांनी त्यांना ‘डाख’ हा आपला शब्द दिला.

घरापासून दूर राहणाऱ्यांची भाषा केवळ समारंभांतून टिकत नाही; हातांना काम असले की ती सहज ओठांवर येते. म्हणून आमची विनंती एवढीच : जुने यंत्र भंगारात देण्यापूर्वी मुलांसह एकदा उघडून पाहावे, आणि ते काम मराठीतून करावे.