कच्चे मडके

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



मला आज चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसार सांभाळणारी बाई. विद्वत्तेचे बोलणे माझ्यापाशी नाही. पण कीर्तनांतून ऐकलेल्या संतांच्या कथा मनात घर करून आहेत. त्यांच्या आधाराने एकच प्रश्न आपल्यापुढे ठेवते. माणसाच्या हातून चूक झाली म्हणजे तो देवापासून दूर जातो की जवळ येतो?

नामदेव महाराजांची कथा आपल्याला ठाऊक आहे. त्यांचा जन्म १२७० सालचा. विठ्ठल त्यांच्याशी बोलतो, त्यांच्या हातचे जेवतो अशी त्यांची ख्याती. एकदा संतमंडळी गोरोबाकाका कुंभारांच्या घरी जमली. लहानग्या मुक्ताबाईने विचारले, “काका, यांत कच्चे मडके कोणते, पक्के कोणते, ते सांगा.” गोरोबांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर ठोकून पाहिले. बाकीचे संत शांत बसले. नामदेवांना मात्र राग आला. गोरोबा म्हणाले, हे मडके कच्चे आहे.

नामदेव रडत विठ्ठलाकडे गेले. देवाने त्यांची समजूत घातली नाही. औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे जा, त्यांना गुरू कर, असे सांगितले. तिथे जाऊन पाहतात तो विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले! नामदेवांनी त्यांना बोल लावला. विसोबा म्हणाले, “जिथे देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव.” नामदेवांनी पाय जिकडे ठेवावेत तिकडे पिंड उभी राहिली. तेव्हा त्यांचे डोळे उघडले.

आता यातली खरी गंमत पाहा. नामदेवांना शहाणे करणारे हे विसोबा कोण? आळंदीला ज्ञानदेवांच्या भावंडांना छळण्यात पुढे असलेले गृहस्थ तेच. मुक्ताबाई मांडे भाजायला खापर आणण्यास निघाली, तर कुणी कुंभाराने तिला ते देऊ नये असा त्यांनी बंदोबस्त केला. मग ज्ञानदेवांच्या तापलेल्या पाठीवर तिने मांडे भाजले, अशी कथा आहे. ते पाहून विसोबांचा अहंकार गळाला आणि त्यांनी त्या मुलांचे पाय धरले.

आणि गोरोबा? विठ्ठलनामात दंग होऊन चिखल तुडवताना त्यांचे स्वतःचे तान्हे मूल पायाखाली सापडले. पुढे ते मूल परत मिळाले असे कथा सांगते. पण मधल्या काळात त्या माउलीने काय सोसले असेल, ते आपणा बायकांना कुणी सांगायला नको. अशा माणसाच्या हाती देवाने थापटणे दिले!

म्हणजे शिकणारा चुकलेला आणि शिकवणारेही चुकलेले. मग त्यांच्यात आणि आपल्यात अंतर ते काय? मला वाटते, ते चुकीला धरून बसले नाहीत, आणि चूक झाकूनही बसले नाहीत. “माझे चुकले” हे म्हणताना ‘मी’ला जी चीर पडते, तिच्यातूनच देव आत येतो. पूजा, उपास, पारायण यांनी कधी कधी उलट ‘मी’ फुगतो. चूक त्याला जागेवर आणते.

या जुन्या काळच्या गोष्टी झाल्या असे कुणी म्हणेल. तर आपल्या वऱ्हाडातले गाडगेबाबा घ्या. १८७६ साली शेंडगावी त्यांचा जन्म झाला. वडील दारूपायी गेले. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची पंगत देण्याची रीत असताना त्यांनी गोडाचे जेवण घातले. भाऊबंदांची नाराजी पत्करली, पण घरात झालेली चूक पुढच्या पिढीला आंदण दिली नाही. पुढे १९५६ साली वलगावजवळ देह ठेवीपर्यंत त्यांनी गावोगावी हेच सांगितले. पश्चात्ताप नुसत्या डोळ्यांतल्या पाण्यात राहू नये, तो हातांत उतरावा, हे त्यांच्यापासून शिकावे.

आता आपल्या घराकडे वळू. सुनेच्या हातून दूध उतू गेले, मुलाने परीक्षेतले गुण लपवले, भिशीच्या हिशेबात कुणाकडून गोंधळ झाला, तर आपण काय करतो? चारचौघींत तिचा पाणउतारा केला, तर ती पुढच्या वेळी चूक करायची थांबत नाही; चूक लपवायला शिकते. आणि लपवलेली चूक मनात घेऊन देवापुढे निरांजन ओवाळणाऱ्या बाईचे चित्त देवापाशी लागत नाही. तिला देवापासून दूर नेण्याचे पाप मग आपल्याकडेही येते. ठोकून पाहणाऱ्याच्या हातात गोरोबांची माया हवी. कच्चे मडके कुंभार फेकून देत नाही, आव्यात ठेवतो.

मात्र एकीने चुकावे आणि दुसरीने पोटात घालावे, असे वर्षानुवर्षे चालावे, हेही माझे म्हणणे नाही. एकदा होते ती चूक. सांगूनही तीच पुन्हा केली तर तो हट्ट होय. पैशाचे नुकसान झाले असेल तर ते भरून द्यावे, मन दुखावले असेल तर उंबरा ओलांडून जावे.

नामदेवांचे पुढे काय झाले? ते पंजाबात घुमानपर्यंत गेले. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे आहेत. आणि पंढरपूरला महाद्वाराशी त्यांची पायरी आहे. एकेकाळी देवाच्या सर्वांत जवळचा म्हणून ज्यांना अभिमान होता, त्यांनी भक्तांची पायधूळ अंगावर पडावी म्हणून ती जागा मागितली. आपल्या जवळच्या कौंडण्यपूरहून, रुक्मिणीमातेच्या माहेराहून, दरवर्षी पालखी पंढरीला जाते. आपल्यातल्या ज्या जातील त्यांनी त्या पायरीशी क्षणभर थांबावे, आणि आपले कोणते मडके अजून कच्चे आहे ते विठोबाला हळूच सांगावे.