परवडते, पण कोणाला?
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



'अर्थशास्त्राच्या पद्धती आणि मर्यादा' हा विषय कार्यकारिणीने आम्हाला दिला, तेव्हा प्रथम संकोच वाटला. आम्ही अर्थशास्त्राचे पंडित नव्हे. बी. ए. च्या वर्गात जे शिकलो आणि पुढे सरकारी नोकरीत ज्या फायली हाताखालून गेल्या, तेवढेच आमचे भांडवल. तथापि भिलाईत राहणाऱ्या माणसाला या विषयाची उदाहरणे परदेशी ग्रंथांत शोधावयास नकोत. ती आपल्या दाराशीच आहेत.

प्रारंभ मात्र पुण्यापासून करतो. सन 1892 मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. इंग्लंडातील अर्थशास्त्रज्ञ काही गोष्टी गृहीत धरीत. प्रत्येक मनुष्य स्वतःचा लाभ पाहतो, भांडवल आणि श्रम अधिक मोबदल्याच्या ठिकाणी सहज जातात, किंमत स्पर्धेने ठरते, ही ती गृहीते. त्यांवरून तर्काने सिद्धांत काढावयाचे, ही त्यांची पद्धत. रानड्यांनी या तर्कात दोष काढला नाही. त्यांनी गृहीतांवर बोट ठेवले. आपल्याकडे कुटुंब आणि जात ही व्यक्तीहून बलवत्तर, रूढी स्पर्धेहून प्रबळ, आणि भांडवल व श्रम दोन्ही जागचे हलत नाहीत. मग तेथील सिद्धांत येथे जसेच्या तसे कसे लागू पडावेत, असा त्यांचा प्रश्न होता. याच काळात त्यांनी या देशातील लोखंडाच्या धंद्याच्या आरंभीच्या प्रयत्नांवरही लिहिले, हे भिलाईकरांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे.

अर्थशास्त्राची प्रयोगशाळा नसते. रसायनशास्त्रज्ञ काचपात्रात एक द्रव्य बदलून बाकीची तशीच ठेवू शकतो. अर्थशास्त्रज्ञाला 'इतर परिस्थिती कायम राहिल्यास' असे नुसते म्हणावे लागते. आणि इतर परिस्थिती तर कधीच कायम राहत नाही. याचा पुरावा आपल्याच परिसरात आहे.

सन 1903 च्या सुमारास जमशेटजी टाटांचे चिरंजीव दोराबजी पोलादाच्या कारखान्यासाठी लोहखनिजाच्या शोधात होते. चांदा जिल्ह्यात लोहाऱ्याचे खनिज उत्तम होते, पण वरोऱ्याचा कोळसा भट्टीच्या कामाचा निघाला नाही. निराश होऊन ते नागपुरास आले असता तेथील संग्रहालयात त्यांना भूस्तराचा एक नकाशा दिसला. त्यात दुर्गजवळचा भाग गडद रंगविलेला होता. प्रमथनाथ बोस या भूशास्त्रज्ञाने पूर्वी केलेल्या पाहणीचे ते फलित. त्यावरून दोराबजी आणि अमेरिकन तज्ज्ञ वेल्ड हे दल्ली व राजहरा येथील टेकड्यांपर्यंत पोहोचले. लोखंड पाहून ते थक्क झाले. तरीही कारखाना येथे झाला नाही. कोळसा दूर, आणि पुढे बोस यांच्याच 1904 मधील पत्रामुळे मयूरभंजचे खनिज पुढे आले, ते बंगालच्या कोळशाला आणि कलकत्त्याच्या बंदराला जवळ पडत होते. सन 1907 मध्ये कंपनी स्थापन झाली, कारखाना साकचीस उभा राहिला आणि 1912 मध्ये तेथे पोलाद निघाले. दुर्गच्या लोखंडाविषयी हिशेबाचे उत्तर होते : परवडत नाही.

त्यानंतर सुमारे अर्धशतकाने, 2 फेब्रुवारी 1955 रोजी, भिलाईच्या कारखान्यासाठी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. खनिज तेच, टेकड्या त्याच. कोळसाही काही जवळ सरकला नव्हता. मध्यंतरी तांदुळा जलाशय झाल्याने पाण्याची सोय झाली होती, हे खरे. परंतु मुख्य बदल झाला तो प्रश्नात. टाटांचा प्रश्न होता, घातलेले भांडवल फायद्यासह परत येईल काय? प्रा. महालनोबिस यांच्या प्रतिमानावर आधारलेल्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा प्रश्न होता, यंत्रे करणारी यंत्रे या देशात केव्हा होतील? दोघांचाही हिशेब आपापल्या जागी बरोबर होता. हिशेब करणे हे अर्थशास्त्राचे काम. पण कोणता प्रश्न सोडवावयाचा हे ते सांगत नाही. ते समाजाने ठरवावयाचे असते.

मराठीत 'परवडत नाही' असे म्हटले की ऐकणारा लगेच विचारतो, 'कोणाला?' सरकारी टिपणात आम्ही 'आर्थिकदृष्ट्या परवडण्यासारखे नाही' असा शेरा अनेकदा वाचला, स्वतःही लिहिला. त्यात हा 'कोणाला' नेमका गाळलेला असतो. अर्थशास्त्राची मर्यादा आम्हाला याच गाळलेल्या शब्दात दिसते.

पोलादाच्या समान भाड्याचेच पाहा. सन 1956 पासून पोलाद देशात कोठेही जवळजवळ एकाच भावात मिळावे अशी व्यवस्था झाली. दूरच्या वाहतुकीचा खर्च सर्वांवर सारखा वाटला गेला. भिलाईच्या वेशीवरील कारखानदाराला आणि मुंबई-पुण्याच्या कारखानदाराला पोलादाचा भाव एकच! हेतू चांगला होता. सर्व प्रदेशांत उद्योग पसरावेत. पण ज्यांच्या भूमीत खनिज आणि कोळसा होता, त्यांचा निसर्गदत्त लाभ त्यामुळे गेला. उलट कापसाला असे समान भाडे नव्हते. बिहार, बंगाल, ओरिसा, मध्य प्रदेश यांची ही तक्रार वर्षानुवर्षे होती. 1992 मध्ये पोलादापुरती ही पद्धत संपली. पिंपरी-चिंचवडचे वैभव केवळ यामुळे उभे राहिले असे कोणी म्हणणार नाही. तेथील उद्यम आणि कौशल्य खरेच आहे. परंतु त्या वैभवात या मातीचाही काही वाटा आहे, हे भिलाईत बसलेल्या आम्हा मराठी माणसांनी तरी विसरू नये. महाराष्ट्राला परवडले ते छत्तीसगढला परवडले काय, हा प्रश्न आपण विचारला नाही, तर कोण विचारणार?

दुसरे उदाहरण दल्ली-राजहऱ्याचे. तेथे 1977 मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली खाणकामगारांची संघटना उभी राहिली. खाणींच्या संपूर्ण यांत्रिकीकरणाला तिने विरोध केला आणि अर्धयांत्रिकीकरणाचा पर्याय मांडला. टनामागे खर्च किती, एवढेच पाहिले तर यंत्राची बाजू जिंकण्याचा संभव अधिक. पण काम गेलेल्या मजुराची उपासमार कोणत्या खात्यावर टाकावयाची? ती कारखान्याच्या ताळेबंदात येत नाही. गावात मात्र येते. नियोगींची 28 सप्टेंबर 1991 रोजी याच भिलाईत हत्या झाली. त्यांच्या मार्गाविषयी मतभेद असोत. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला टाळता येत नाही. आता राजहऱ्याचे खनिज सरत आल्याने कारखान्याची दृष्टी रावघाटकडे वळली आहे. खणून काढलेले खनिज राष्ट्रीय उत्पन्नात जमा होते; मागे उरलेला खड्डा कोठेच वजा होत नाही.

हीच गोष्ट घरातील श्रमांची. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1920 मध्येच दाखविले होते की, एखाद्या गृहस्थाने पगारी घरकामवालीशी लग्न केले तर काम तेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते. या मंडळाच्या गणेशोत्सवात आमच्या भगिनी जो स्वयंपाक करतात, नवीन बदली होऊन आलेल्या कुटुंबाला पहिले चार दिवस जेवणाचे डबे पोहोचवितात, त्याची नोंद कोणत्याही सांख्यिकी अहवालात सापडणार नाही. श्रम जागचे हलत नाहीत, असे रानडे म्हणाले होते. आपण तर हललो. पगाराच्या आकड्याने आपणास गाडीत बसविले हे नाकारण्यात अर्थ नाही. पण परमुलखात आपण टिकलो ते या न मोजलेल्या श्रमांवर.

यावरून हे शास्त्र निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष कृपया काढू नये. ज्याला हिशेब येत नाही, त्याच्या सद्हेतूचे ओझे शेवटी दुसऱ्याच कोणावर तरी पडते; समान भाड्याने हेच शिकविले. आकडे जरूर मागावेत, ते काटेकोर मागावेत. फक्त त्यांच्याबरोबर दोन प्रश्न विचारावेत : यात काय धरले आहे आणि काय सोडले आहे? आणि परवडते म्हणता, ते कोणाला?

सभागृहातील पुष्कळ मुले आज वाणिज्य आणि व्यवस्थापन शिकत आहेत. उद्या त्यांच्याही सहीने कोठे कारखाने उघडतील, कोठे बंद होतील. सही करण्यापूर्वी तो गाळलेला शब्द त्यांनी आपल्या हाताने टिपणात लिहावा, एवढीच अपेक्षा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.