बाटली आडवी झाल्यानंतरचे पाच दिवस

(परभणी येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



दारूचे दुकान बंद कसे करायचे, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. सह्या गोळा करण्यापासून उत्पादन शुल्क खात्यात खेटे घालण्यापर्यंत सगळे तुम्ही केलेले आहे. मला आज बोलायचे आहे ते त्यानंतरच्या पाच दिवसांबद्दल. दुकान बंद होते, किंवा नवरा देवाची शपथ घेतो, किंवा हातात पैसाच उरत नाही, आणि वर्षानुवर्षे रोज पिणारा माणूस एकदम थांबतो. तेव्हा त्या घरात काय घडते?

पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, उलट्या होतात, झोप लागत नाही. शेवटच्या घोटानंतर साधारण सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काही जणांना भास होतात. अंगावर किडे चालताहेत, दाराशी कोणी मारायला आले आहे, असे वाटते. घरची माणसे ओळखू येत नाहीत, ताप चढतो. डॉक्टर याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. गावात मात्र याला बाहेरची बाधा म्हणतात, अंगारा लावतात, बांधून ठेवतात. आणि बाईला ऐकवतात, ‘तूच सोडायला लावलीस ना? आता भोग.’

हे का होते? दारू मेंदूला सुस्त करते. रोज पिणाऱ्याचा मेंदू त्या सुस्तीविरुद्ध सतत ओढ देत राहतो. ओढ देणाऱ्या जनावराचे दावे एकदम तुटले तर ते तोंडावर आपटते, तसेच इथे होते. म्हणजे हा इच्छाशक्तीचा प्रश्न नाही, बाधेचा तर नाहीच. हा शरीराचा आजार आहे आणि त्याला औषध आहे.

हे औषध अंदाजाने ठरलेले नाही. १९६९ मध्ये अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांमधील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दारू सोडणाऱ्या ५३७ पुरुषांचे पाच गट केले होते. एका गटाला क्लोरडायझेपॉक्साइड, दुसऱ्याला क्लोरप्रोमाझिन, तिसऱ्याला हायड्रॉक्सिझिन, चौथ्याला ब-१ जीवनसत्त्व दिले, आणि पाचव्याला औषध नसलेले, दिसायला मात्र तसेच काही. नुसत्या दिखाऊ औषधावर शंभरात सुमारे सात जणांना आकडी आली. क्लोरडायझेपॉक्साइडवर शंभरात एकाला. आणि क्लोरप्रोमाझिनवर शंभरात बारा जणांना, म्हणजे काहीच न दिलेल्यांपेक्षाही जास्त! माणूस शांत पडला म्हणजे औषध लागू पडले असे नाही, हे या आकड्यांवरून कळते. म्हणून मेडिकलवाल्याकडून ‘झोपेची काहीतरी गोळी’ आणून देऊ नका. क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम, लोराझेपाम या एकाच घराण्यातल्या गोळ्या आजही यावर मुख्य औषध आहेत. पण दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावतो, आणि अनेक आठवडे चालू ठेवल्या तर त्यांचीच सवय लागते. डॉक्टर त्या काही दिवस देऊन हळूहळू कमी करतात. यकृत खराब असेल तर गोळी आणि मात्रा वेगळी ठरते.

ब-१ जीवनसत्त्वाने आकडी थांबत नाही, तरी तेही लागतेच. अनेक वर्षे पिणाऱ्यांच्या शरीरात ते फार कमी असते. ते न देता नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. ‘एक सलाईन लावा, उतरेल’ म्हणणाऱ्यांना हे जरूर विचारा.

१९९४ सालचा आणखी एक अभ्यास आपल्या कामाचा आहे. सगळ्यांना ठरलेल्या वेळी गोळ्या देण्याऐवजी परिचारिकांनी थरथर, घाम, अस्वस्थता तपासून गुण मांडले आणि गरज असेल तेव्हाच गोळी दिली. पहिल्या पद्धतीत उपचार साधारण ६८ तास चालले, दुसरीत ९ तास. गोळ्याही सुमारे चौपट कमी लागल्या. त्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागले नाही. एक छापील तक्ता आणि तो भरायला शिकलेली परिचारिका एवढेच लागले.

आता कुणी म्हणेल, हे सगळे रुग्णालयाचे काम, आपल्या चळवळीशी त्याचा काय संबंध? मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि देशभर दुकाने एका रात्रीत बंद झाली. तेव्हा बंगळुरूच्या रुग्णालयांत आकडी आणि भास घेऊन येणारे रुग्ण वाढल्याची नोंद झाली. एप्रिल २०२१ मध्ये निर्बंधांमुळे दुकाने बंद असताना यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी येथे दारूऐवजी सॅनिटायझर प्यायल्याने सात जण मेले. दुकान बंद करणे चूक आहे, असा याचा अर्थ नाही. दुकान बंद होईल त्या दिवशी गावाजवळ उपचार उपलब्ध असले पाहिजेत, असा आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळाले होते. उरलेल्यांचे पाच दिवस कोण निभावते? घरातली बाईच.

पाच दिवस निघाल्यावर पुन्हा पिऊ नये म्हणून वेगळी औषधे असतात. त्यांच्यावर आपल्या मुंबईत अभ्यास झाले आहेत. २००४ मध्ये डॉ. अविनाश डिसूझा यांनी शंभर पुरुषांचा वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध केला. डायसल्फिराम घेणाऱ्यांपैकी ८६ टक्के दारूपासून दूर राहिले, नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के. डायसल्फिराम घेतल्यावर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. त्या धास्तीनेच माणूस पीत नाही. पण या अभ्यासात घेतलेल्या प्रत्येक पुरुषामागे घरचे एक माणूस होते, जे औषधाकडे लक्ष देईल आणि तपासणीला सोबत येईल. आपल्या घरांत हे माणूस कोण असते, हे तुम्हीच सांगा. गोळी त्याची, पण ती रोज आठवणीने देणारी, तोंडात गेली का पाहणारी, आणि त्यावरून शिव्या-मार खाणारी बायको असते. यशाच्या टक्केवारीत तिच्या श्रमाचा रकाना नसतो.

इथेच एक धोका सांगते. ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर असतात. कोणी पूड विकतो, कोणी डायसल्फिरामच भाजीत कालवायला सांगतो. हे करू नका. नवऱ्याला ठाऊक नसले तर तो पिणारच. हृदयाचा किंवा यकृताचा आजार असेल तर जीव जाऊ शकतो, आणि मग गुन्हेगार ठरेल ती बाई. हे औषध त्याच्या संमतीनेच, तपासणी करून द्यायचे असते.

दारू सुटली की मारहाण सुटते, हाही समज तपासून घ्यायला हवा. गोव्यात संगाथ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या, प्रमाणाबाहेर पिणाऱ्या ३७७ पुरुषांचा अभ्यास केला. तो २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांशी बोलून अनेकांचे पिणे आटोक्यात आले. पण पत्नीवरच्या हिंसेत फरक दिसला नाही. म्हणून उपचाराचा कागद मिळाला की संरक्षण अधिकाऱ्याकडचा अर्ज मागे घ्या, असे कोणी म्हटले तर ऐकू नका. दोन्ही कामे वेगळी आहेत आणि दोन्ही चालू राहिली पाहिजेत.

आणखी एक. १९६९ च्या आणि मुंबईच्या, दोन्ही अभ्यासांत सगळे पुरुषच होते. पिणाऱ्या बायका आपल्या वस्त्यांतही आहेत. लाजेपायी त्या उशिरा येतात, तोवर शरीर खचलेले असते. त्यांच्यासाठीही हीच दारे उघडी हवीत.

आता आपण काय मागायचे? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारूच्या व्यसनाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश आहे. सामुदायिक आरोग्य केंद्रापासून, म्हणजे आपल्या ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सरकारी दवाखान्यांत आवश्यक औषधांच्या यादीतली औषधे मोफत मिळाली पाहिजेत, असे हा कायदा सांगतो. तेव्हा जिंतूर असो, गंगाखेड असो की पालम, प्रत्येक गटाने आपल्या रुग्णालयात जाऊन लेखी विचारावे. दारू तुटलेल्या रुग्णासाठी कोणत्या गोळ्या आहेत? ब-१ चे इंजेक्शन आहे का? रात्री आकडी आली तर कोण पाहील? तक्ता भरायला परिचारिकेला शिकवले आहे का? उत्तरही लेखी घ्या.

आणि ग्रामसभेत आडव्या बाटलीचा ठराव घेण्याआधी गावातल्या आशाताईंसोबत बसून रोज सकाळपासून पिणाऱ्यांची घरे माहीत करून घ्या. त्यांची नावे चावडीवर नकोत. त्या घरातल्या बाईला एवढे सांगा, त्याने एकदम सोडली आणि थरथर वाढली तर थांबू नको, आकडी आली किंवा भास झाले तर १०८ ला फोन कर. पूर्वी कधी आकडी आली असेल तर सोडण्याआधीच दवाखाना गाठायचा. मनाचा ताण सांगायला टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीतल्या बायकांनाही हे दोन्ही क्रमांक निघण्यापूर्वी पाठ करून द्या.

पुढच्या बैठकीला येताना रुग्णालयाची उत्तरे सोबत आणा. मग सगळ्यांची एकत्र करून जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जाऊ.