व्हिसावर नाव कुणाचे?

(वाकोला येथे घरकामगार महिला आणि वस्तीतील कार्यकर्त्या यांच्या बैठकीत केलेले भाषण. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय ठरला तेव्हा काहीजणींनी विचारले, व्हिसाचा आणि आपल्या संघटनेचा संबंध काय? रेशन, पाणी, पगार, घरातली मारहाण हे आपले प्रश्न. परदेशी जाणे ही पैसेवाल्यांची गोष्ट.

पण आपण राहतो कुठे ते बघा. वाकोल्याच्या एका अंगाला विमानतळ, दुसऱ्या अंगाला वांद्रे-कुर्ला संकुल. अमेरिकेची वकिलात २०११ मध्ये त्या संकुलात आली. २०१७ मध्ये तिथेच विदेश भवन सुरू झाले. त्यात पासपोर्टाचे कार्यालय आहे आणि 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स'चेही, म्हणजे परदेशी कामाला जाणाऱ्यांना परवानगी देणारे केंद्र सरकारचे ऑफिस. त्याआधी हे ऑफिस इथेच सांताक्रूझला, पश्चिमेला खिरानगरात होते. आपल्यातली एखादी घरकामाला मस्कत-कुवेतला जाते, एखादीची मुलगी लग्न होऊन अमेरिकेला जाते. दोघींच्या हातात कागद एकच, व्हिसा. आणि दोघींच्या बाबतीत विचारायचा प्रश्नही एकच आहे. हा व्हिसा कुणाच्या जिवावर मिळाला? तो माणूस फिरला तर माझे काय?

आधी आखाताचे बोलू. तिथल्या कामाच्या व्हिसामागे एक मालक असतो. त्याला कफील म्हणतात आणि या पद्धतीला कफाला. बाईला देशात येण्याची, राहण्याची परवानगी मिळते ती त्याच्या नावावर. मग पगार थकला, हात उगारला, दोन घरची कामे करून घेतली, तरी ती घर सोडू शकत नाही. सोडले तर मालक 'पळून गेली' अशी नोंद करतो. सौदीत याला हुरूब म्हणतात. ज्याने छळले तो घरात बसतो आणि जिने जीव वाचवला ती गुन्हेगार ठरते.

यात बदल झालेच नाहीत असे नाही. कुवेतने २०१५ मध्ये घरकामगारांसाठी कायदा केला, त्यात आठवड्याची सुटी आली. कतार आणि संयुक्त अरब अमिरातीने २०१७ मध्ये तसे कायदे केले. कतारमध्ये देश सोडायलासुद्धा मालकाची परवानगी लागे. घरकामगारांसाठी ती अट २०२० मध्ये गेली. पण सौदीने २०२१ मध्ये कामगारांना मालक बदलण्याची थोडी मोकळीक दिली, तेव्हा घरकामगारांना त्यातून वगळले. घरातले काम हे काम नव्हेच, ही समजूत तिथेही आहे आणि आपल्याकडेही. घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, १८९ क्रमांकाचा, जिनिव्हाला २०११ मध्ये मंजूर झाला. भारताने बाजूने मत दिले. पुढे त्याला मान्यता मात्र दिली नाही.

आता आपल्या सरकारकडे वळू. आपला कायदा १९८३ चा, एमिग्रेशन अ‍ॅक्ट. दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टावर सहसा 'ईसीआर' असा शेरा असतो. याचा अर्थ, ठरावीक १८ देशांत कामाला जायचे तर आधी सरकारची परवानगी काढावी लागते. या १८ देशांत सौदी, अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहारीन हे सगळे येतात. पासपोर्टावर शेरा नसेल तर परवानगी लागत नाही. घरी जाऊन आपापला पासपोर्ट उघडून बघा. किती जणींना हा शेरा माहीत आहे?

बाईसाठी यात आणखी अटी आहेत. ईसीआर पासपोर्टावर या देशांत घरकामाला जायचे तर वय किमान ३० हवे. परदेशी मालकाने परस्पर बाई नेली तर त्याने आपल्या वकिलातीत २५०० डॉलरची बँक हमी ठेवायची. कुवेतपुरती ही हमी २०१७ मध्ये मागे घेतली, कारण तिथल्या मालकांनी भारतातून बाया नेणेच टाळले होते. २०१६ मध्ये असे ठरले की अशा बायांची भरती खाजगी एजंटाने करायची नाही, सरकारी संस्थेनेच करायची. केरळ, तमिळनाडू या राज्यांत अशा संस्था आधीपासून होत्या. बाकीच्यांनी काय करायचे?

हेतू चांगला होता, हे मी नाकारत नाही. पण परिणाम बघा. पंचवीस वर्षांची, नवऱ्याने टाकलेली, दोन मुलांची आई तीस वर्षांची होईपर्यंत थांबू शकते का? थांबत नाही. तिच्याकडे एजंट येतो आणि म्हणतो, "ताई, परवानगीची भानगड कशाला? व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर कामाचा करून देतो." पर्यटक म्हणून जायला ईसीआर पासपोर्टवालीला परवानगी लागत नाही. हीच ती फट. विमानतळावर ती सांगते, बहिणीला भेटायला चालले. तिला तसेच पढवलेले असते.

या एका खोट्यात ती काय काय गमावते, ते मोजा. व्हिजिट व्हिसावर काम करणे बेकायदा, म्हणून तक्रार करायला तोंड नाही. करार नाही, त्यामुळे पगाराचा आकडा फक्त एजंटाच्या तोंडी. आपल्या सरकारकडे तिची कामगार म्हणून नोंद नाही. परवानगी घेऊन जाणाऱ्याला प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा काढावा लागतो. दोन वर्षांना २७५ रुपये हप्ता, आणि मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर १० लाखांचे संरक्षण. तोही तिला नाही. व्हिसाची मुदत संपली की दंड चढत जातो, आणि तो भरल्याशिवाय परतीची वाट अवघड. बाईला वाचवायला केलेला नियम तिला अशा जागी नेऊन सोडतो. नियमाने बाई थांबली नाही. तिचे कायदेशीर असणे मात्र संपले.

म्हणून मला वाटते, बाईच्या वयावर पहारा ठेवण्यापेक्षा करारावर, एजंटावर आणि मालकावर पहारा ठेवा. अठराव्या वर्षी मत देता येते, लग्न करता येते, मग कुठे राबायचे हे ठरवायला तीस वर्षे का लागावीत?

आता दुसरी बाई. ही शिकलेली आहे, कदाचित इंजिनिअर. तिचा नवरा एच-वन व्हिसावर अमेरिकेत आहे, ही एच-फोर व्हिसावर जाते. एच-फोर म्हणजे अवलंबिताचा व्हिसा, नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला. कित्येक वर्षे या बायांना तिथे नोकरी करायला बंदी होती. मे २०१५ पासून काहीजणींना परवाना मिळू लागला, तोही नवऱ्याचा कायम वास्तव्याचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत पोचला असेल तरच. बाकीच्या डिग्री ट्रंकेत ठेवून घरी. नवऱ्याची नोकरी गेली तर हिचा व्हिसा जातो. घटस्फोट झाला तरी जातो. मारहाण होते म्हणून पोलिसांना बोलवावे, तर त्याच्यावर कारवाई होऊन दोघांनाही देश सोडावा लागेल ही भीती. अशा बायांना स्वतंत्र कामाचा परवाना द्यावा अशी तरतूद अमेरिकेच्या कायद्यात २००६ मध्ये आली. अर्ज कसा करायचा हे ठरायला पुढे दहा वर्षांहून अधिक काळ गेला.

कुवेतच्या स्वयंपाकघरातली बाई आणि न्यू जर्सीच्या फ्लॅटमधली बाई एकमेकींना कधी भेटणार नाहीत. एकीचा कफील परका, दुसरीचा घरातला. बांधलेपण तेच.

आणि परक्या देशाच्या दारात बाईकडे कसे बघितले जाते, याचे एक उदाहरण विसरता येणार नाही. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एक भारतीय शिक्षिका उतरली. नियोजित वराशी लग्न करायला आली होती. वाग्दत्त वधूला आगाऊ व्हिसा लागत नसे, बायकोला लागे. ती आधीच विवाहित असेल असा अधिकाऱ्यांना संशय आला, म्हणून तिचे 'कौमार्य' तपासले. बातमी फुटल्यावर ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे संताप उसळला आणि ती पद्धत बंद करावी लागली. पुढे उघड झालेल्या सरकारी कागदपत्रांवरून दिसले की या उपखंडातल्या किमान ८० बायांवर असा प्रकार झाला होता. एका व्हिसाच्या अटीसाठी बाईचे शरीर पुरावा म्हणून वापरले गेले!

दार बाहेरचे असते, तसे आपल्या घरचेही असते. आधी पासपोर्ट तर हातात हवा. डिसेंबर २०१६ पासून नियम सोपे झाले आहेत. अर्जात आई किंवा वडील, एकाचेच नाव दिले तरी चालते. लग्नाचा दाखला लागत नाही, घटस्फोटाचा हुकूमनामा लागत नाही. एकटीने मूल वाढवणाऱ्या आईला याचा मोठा आधार आहे. तरीही जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला सांगावे लागले की बाईच्या पासपोर्टासाठी नवऱ्याची संमती आणि सही लागत नाही. कुणीतरी मागितली होती म्हणूनच ना?

दार उघडल्यावर काय होते तेही बघा. पंचेचाळीस वर्षांवरील मुस्लिम बायांना मेहरम पुरुषाशिवाय गटाने हजला जाण्याची मुभा २०१८ च्या हजपासून मिळाली. २०२३ मध्ये अशा चार हजारांहून अधिक बाया गेल्या. इच्छा होतीच, अडत होते ते परवानगीवर.

आता कामाच्या गोष्टी. वस्तीत कुणी निघाली असेल तर तिला एवढे जरूर सांगा.

व्हिसा कोणत्या कामाचा आहे, ते अरबी वाचणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या. मशिदीत, मदरशात असा माणूस सापडतो. कुवेतचा व्हिसा '२०' नंबरचा असेल तर तो घरकामाचा, '१८' असेल तर खाजगी कंपनीचा. पार्लरची नोकरी सांगून २० नंबर हातात ठेवला, तर तिथेच ओळखा.

एजंट नोंदणीकृत आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट यादीत पाहा. त्याला कायद्याने जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा कर एवढेच घेता येतात. दिलेल्या पैशाची पावती घ्या. पावती देत नसेल तर तो एजंट नव्हे, दलाल.

पासपोर्ट, व्हिसा आणि करार यांच्या झेरॉक्स तीन ठिकाणी ठेवा. एक स्वतःजवळ, एक माहेरी, एक संघटनेच्या ऑफिसात. मालकाला पासपोर्ट ठेवून घेण्याचा हक्क नाही. मालकाचे नाव, पत्ता आणि फोन घरच्यांकडे लिहून ठेवा, आणि आपल्या वकिलातीचा नंबर पाठ करा. मोबाईल काढून घेतात, डोक्यातले काढून घेता येत नाही.

अमेरिकेला निघालेल्या मुलीलाही हेच सांगा. स्वतःचा पासपोर्ट स्वतःच्या ताब्यात, स्वतःच्या नावाचे बँक खाते, आणि नवऱ्याच्या व्हिसाच्या कागदांची एक प्रत.

आणि आपल्या मागण्या. तीस वर्षांची अट काढा, तिच्या जागी करार आणि एजंट यांची कडक तपासणी आणा. महाराष्ट्र सरकारने वस्तीपातळीवर जाणाऱ्या बायांसाठी माहिती केंद्रे उघडावीत. १८९ क्रमांकाच्या कराराला भारताने मान्यता द्यावी. १९८३ चा कायदा बदलण्यासाठी केंद्राने २०२१ मध्ये एक मसुदा काढला, २०२५ मध्ये दुसरा. अशा मसुद्यांवर लोकांच्या सूचना मागवतात, तेव्हा घरकाम करणाऱ्या बाईचे म्हणणे तिथे कोण पोचवते? ते काम आपले आहे.

पोटासाठी, लग्नासाठी, देवासाठी, नाहीतर नुसते जग बघायला बाई घराबाहेर पडणारच. तिला अडवू नका आणि ढकलूही नका. तिचा कागद तिच्या नावावर, तिच्या हातात आणि तिला समजेल अशा भाषेत असू द्या. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपला पासपोर्ट आणावा. नसेल तर रेशनकार्ड आणि आधार आणावे. आपण मिळून अर्ज भरायला बसू.