संकल्पाची वाट कोण पाहतो?



पाडव्याची गुढी उतरवून आता महिना होऊन गेला. चैत्र सरला, वैशाख तापू लागला. अशा वेळी नव्या वर्षाच्या संकल्पांवर बोलावयास उभे राहणे म्हणजे वरात घरी गेल्यावर मुहूर्त काढण्यासारखे आहे, असे आपणांपैकी काहींना वाटेल. पण आम्ही हा विषय मुद्दामच आज घेतला आहे. पाडव्याच्या दिवशी सर्वांचेच संकल्प धडधाकट असतात. त्यांतले किती जगले हे समजावयास महिना तरी जावा लागतो. हात वर करावयास आम्ही कोणास सांगणार नाही, कारण मग आमचाही हात वर करावा लागेल.

एका बाबतीत मात्र आपण मराठी माणसे भाग्यवान आहोत. एक जानेवारीचा संकल्प मोडला तर आपल्याला चैत्र शुद्ध प्रतिपदा मिळते. तीही हुकली तर एक एप्रिलचे सरकारी वर्ष आहे, जूनमध्ये शाळेचे वर्ष आहे, आणि काहीच जमले नाही तर दिवाळीत व्यापाऱ्यांच्या नव्या वह्या उघडतातच. वर्षातून इतक्या वेळा नव्याने आरंभ करण्याची सोय असलेला समाज विरळा! तरीही टेकडीवर फिरावयास जाणाऱ्यांची जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली गर्दी तिसऱ्या आठवड्यात पांगते, रोजनिशीची पहिली बारा पाने भरतात आणि उरलेल्या पानांवर वाण्याची यादी लिहिली जाते. असे का होते, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे.

याचे नेहमीचे उत्तर असे की, माणसाची इच्छाशक्ती दुबळी असते. हे उत्तर आम्हांस पटत नाही. ज्या माणसाला पहाटे पाचला फिरावयास उठवत नाही, तोच माणूस मुलीची परीक्षा असली म्हणजे चारला उठून तिच्यासाठी चहा करतो. त्याची शक्ती एका रात्रीत वाढली म्हणावी काय? शक्ती तीच, फक्त दुसऱ्या वेळी कोणी तरी त्याच्या उठण्याची वाट पाहात होते.

आपल्याकडे पूजेच्या आरंभी जो संकल्प सोडतात, त्याची रचना आपण कधी नीट पाहिली आहे काय? गुरुजी प्रथम काळ सांगतात, स्थळ सांगतात. मग यजमानाचे गोत्र आणि नाव येते. त्यानंतर हे कर्म कोणाच्या कल्याणासाठी करावयाचे ते येते, त्यात कुटुंबातली सारी माणसे येतात. आणि मग शेवटी, मी आज अमुक एक गोष्ट करतो, असे म्हणून हातावरून पाणी सोडावयाचे. कर्मकांडावर आपली श्रद्धा असो वा नसो, या रचनेत शहाणपण आहे. कुठे, केव्हा, कोण, कोणासाठी आणि काय, हे पाचही प्रश्न त्यात आहेत. आमच्या हल्लीच्या संकल्पांत पाचवा तेवढा उरला आहे. आणि चौथा, म्हणजे ‘कोणासाठी’, तो तर पार गळून गेला आहे.

हे आम्हांस पुस्तकातून समजले नाही. ते एका मोडलेल्या संकल्पातून समजले, आणि तेही फार उशिरा. ती हकिगत आज सांगावयाची आहे.

आमचे बालपण माणदेशातल्या एका खेड्यात गेले. वडील तेथे प्राथमिक शिक्षक होते. गुढीपाडवा हा आमच्या गावी दोन कारणांनी मोठा दिवस असे. एक तर देवळात पंचांग वाचले जाई, आणि दुसरे म्हणजे त्या दिवशी सालगडी ठरत. वर्षाला इतके धान्य, इतके पैसे, कपड्यांचा जोड आणि पायताण असा करार तोंडी होई. एकदा शब्द गेला की पुढच्या पाडव्यापर्यंत तो गडी त्या घरचा आणि ते घर त्या गड्याचे. नव्या वर्षाचा याहून स्पष्ट संकल्प आम्ही दुसरा पाहिला नाही. त्याला दोन बाजू होत्या, आणि मुदत होती.

सकाळी आजी कडुनिंबाची पाने, गूळ, चिंच, ओवा, मीठ वाटून त्याची गोळी आम्हां मुलांच्या तळहातावर ठेवी आणि विचारी, “या वर्साला काय करशील रे?” मोठमोठी उत्तरे तिला आवडत नसत. ‘मी खूप अभ्यास करीन’ असे म्हटले की ती म्हणे, “खूप म्हंजे किती?” ती स्वतः चातुर्मासात काही ना काही नेम धरी, पण आषाढी एकादशीला धरलेला नेम कार्तिकी एकादशीला सोडी, आणि सोडताना कोणाला तरी जेवू घाली. नेमाला शेवट असला म्हणजे तो निभतो, हे तिला शाळेत न जाता कळले होते.

१९७३ सालचा पाडवा आला तो दुष्काळाच्या पोटात. आदल्या वर्षी, १९७२ साली, पावसाने पाठ फिरविली होती. त्याच्या आधीची वर्षेही बरी गेली नव्हती. विहिरींचे तळ दिसू लागले होते. घरोघरी परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी भाजली जात होती, आणि शाळेत मुलांना सुकडी मिळत होती. आमच्या घरी वडिलांचा पगार येत असे, म्हणून आम्ही जेवत होतो. गावातल्या पुष्कळांना ते भाग्य नव्हते.

त्या दिवशी देवळात पंचांग वाचताना गुरुजींनी सांगितले, शके १८९५, प्रमादी नाम संवत्सर. आम्ही दहा वर्षांचे होतो. प्रमादी म्हणजे काय, असे विचारले. “प्रमाद म्हणजे चूक. चुका करणारे वर्ष,” गुरुजी म्हणाले, आणि सगळ्यांचे चेहरे पाहून लगेच पुस्ती जोडली, “पण पुढच्या संवत्सराचे नाव आनंद आहे.” कोणी हसले नाही. त्या पाडव्याला गावात एकही सालगडी ठरला नाही. ज्याच्या स्वतःच्या घरात दाणे नाहीत, तो गड्याला काय देणार?

आमच्या वर्गातल्या एका सवंगड्याचे वडील असेच सालगडी होते. दुसऱ्याच दिवशी ते कुटुंब दुष्काळी कामावर खडी फोडावयास गेले. सवंगड्याची शाळा सुटली. धाकट्या बहिणीला सांभाळावयाचे आणि जमेल तितकी खडी गोळा करावयाची, हे त्याचे काम झाले. हे काही एका घराचे चित्र नव्हते. त्या वर्षी मे महिन्यात महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती.

पाडव्याच्या सकाळीच आजीने नेहमीचा प्रश्न विचारला होता, आणि आम्ही मोठ्या ऐटीने उत्तर दिले होते, “त्याला रोज संध्याकाळी पारावर बसून शिकवीन. जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत.” आजी पहिल्यांदाच म्हणाली, “हां, हे बरं हाय.” वडिलांनीही पाठीवर थाप मारली. आम्हांला किती मोठे वाटले म्हणून सांगावे! आज वाटते, त्या थापेतच घात होता. संकल्पाचे फळ आम्हांला पहिल्याच दिवशी मिळून गेले.

तरी तीन आठवडे शाळा चालली. दिवस कलला की तो पिंपळाच्या पारावर येई. हाताला खडीने चिरा पडलेल्या असत, त्यामुळे पाटीवरची पेन्सिल त्याला नीट धरवत नसे. म्हणून आम्ही तोंडी पाढे घेत असू. सतराच्या पाढ्यापर्यंत आलो. मग परीक्षा संपल्या, सुटी लागली आणि मामांचे पत्र आले. मामांचे गाव कृष्णाकाठी. तेथे नदीला थोडे का होईना पाणी होते, घरामागे आंबा होता. निघण्याची तयारी एका सकाळीत झाली. आमच्या मनात त्याचा विचार आला नाही, असे सांगितले तर ते खोटे होईल. आला होता. पण खडीचे काम गावापासून दोन मैलांवर होते, एस.टी.ची वेळ झाली होती, आणि ‘परत आल्यावर बघू’ हे शब्द तोंडात तयार होते. जूनमध्ये परत आलो तेव्हा ते कुटुंब दुसऱ्या कामावर निघून गेले होते.

पुढे सतरा-अठरा वर्षांनी आठवड्याच्या बाजारात एका माणसाने आम्हांला हाक मारली. तोच होता. दगडखडीच्या धंद्यात होता. बरे चालले होते. त्याने आग्रहाने चहा पाजला, वडिलांची चौकशी केली. आम्ही ओशाळून म्हणालो, “त्या वर्षी आम्ही न सांगता निघून गेलो.” तो हसला. “आठ दिस येत हुतो पारावर,” तो म्हणाला, “मग म्हनलं, आता काय येत न्हाई.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. नंतर गंमत म्हणून सांगावे तसे त्याने सांगितले, “मास्तर, सतरापतुर पाढं अजून तोंडपाठ हायती. अठरापासनं कागदावर मांडून बघावं लागतं.”

मंडळी, आयुष्यात आमचे पुष्कळ संकल्प मोडले. पहाटे उठण्याचे मोडले, तंबाखू सोडण्याचा तर तीनदा मोडला. त्यांची आठवण झाली तर हसू येते. या एका संकल्पाच्या आठवणीने मात्र हसू येत नाही, कारण ते आठ दिवस आमच्या डोळ्यांपुढे उभे राहतात. दिवसभर खडी गोळा करून एक दहा वर्षांचा मुलगा पारावर येऊन बसतो आणि अंधार पडला की उठून जातो. आम्ही संकल्प करताना स्वतःकडे पाहात होतो. पाहावयास हवे होते ते त्याच्याकडे.

थोरांच्या चरित्रांतही हाच फरक दिसतो. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन यांनी तरुणपणी तेरा सद्गुणांची यादी केली होती. एकेका आठवड्यास एकेक गुण घ्यावयाचा, म्हणजे वर्षात चार आवर्तने होतात. आणि चुकेल तेथे वहीत काळा ठिपका द्यावयाचा. पद्धत उत्तम, माणूस असामान्य. पण व्यवस्थितपणाचा गुण त्यांना काही साधेना. तेव्हा आत्मचरित्रात ते प्रांजळपणे एका माणसाची गोष्ट सांगतात. त्याला आपली सगळी कुऱ्हाड पात्याइतकी लखलखीत हवी होती. लोहार म्हणाला, “तू चाक फिरव, मी घासून देतो.” चाक फिरवून दमल्यावर तो म्हणू लागला, मला ठिपक्यांची कुऱ्हाडच जास्त आवडते! स्वतःशी केलेला करार असा असतो. दोन्ही पक्ष एकच असल्यामुळे तडजोड फार लवकर होते.

आता दुसरे उदाहरण घ्या. १८८८ साली विलायतेस निघालेल्या मोहनदास गांधींनी आईसमोर तीन प्रतिज्ञा केल्या: मद्य, मांस आणि परस्त्री यांना शिवणार नाही. प्रतिज्ञा देणारे एक जैन साधू होते, मुदत ठरलेली होती, आणि आई घरी वाट पाहणार होती. विलायतेत मित्रांनी युक्तिवाद केले, उपाशी राहण्याची वेळ आली. पण तडजोड करणे त्यांच्या हाती नव्हते, कारण दुसरा पक्ष राजकोटला होता. १८९१ साली ते परत आले, तेव्हा आई वारल्याचे त्यांना कळले. भावाने ती बातमी तोवर लपविली होती. वाट पाहणारे माणूस गेलेले होते, पण शब्द पाळला गेला होता.

आणि जे माणसाचे, तेच समाजाचे. ‘गरिबी हटली पाहिजे’ असे संकल्प सभांतून पुष्कळ होतात. त्यांची वाट पाहणारा कोणाला जाब विचारणार? पण त्या दुष्काळाच्या अनुभवातून महाराष्ट्राने एक वेगळ्या जातीचा संकल्प केला. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ज्या रोजगार हमीचा ध्यास घेतला होता, तिचा १९७७ साली कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्यास पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता, असे त्यात लिहिले गेले. पुढे २००५ साली देशासाठीही अशाच हमीचा कायदा झाला. अंमलबजावणीत उणिवा राहिल्या, तक्रारी झाल्या. पण वाट पाहणाऱ्या माणसाला त्याने हक्क दिला, ही गोष्ट लहान नव्हे. पाडव्याला सालगडी ठरविणाऱ्या माणसांच्या भूमीत हे सुचावे, याचे आम्हांला नवल वाटत नाही.

स्वतःसाठी काही ठरवूच नये, असे आमचे म्हणणे नाही. टेकडीवर अवश्य जावे. पण नातवाला शब्द देऊन जावे, की आषाढीपर्यंत रोज सकाळी तुला बरोबर नेईन. मग पाहा, पाचाचा गजर व्हायच्या आत तोच तुमच्या उशाशी येऊन उभा राहतो की नाही. वाचन वाढवावयाचे असेल तर ज्यांचे डोळे गेले आहेत अशा शेजारच्या आजोबांना रोज दोन पाने वाचून दाखवा. संकल्प तोच राहतो. फक्त त्याला वाट पाहणारे माणूस मिळते.

आमच्या घराजवळ एका इमारतीचे काम चालू आहे. तेथल्या गवंड्याची दोन मुले यंदाच्या पाडव्यापासून दर बुधवारी आणि शनिवारी आमच्याकडे येतात. शाळा उघडेपर्यंत, एवढीच मुदत ठरली आहे. त्यांना सतराचा पाढा येत होता; आम्ही अठरापासून सुरुवात केली.

आज बुधवार आहे, हे आपल्या ध्यानात आले असेल. या व्यासपीठाचे निमंत्रण आले तेव्हा वार पाहिला आणि क्षणभर थबकलो. मग काल संध्याकाळी त्या इमारतीवर गेलो. मुले वाळूच्या ढिगावर खेळत होती. त्यांना सांगून आलो, “उद्या आम्हांला सभेला जावयाचे आहे. उद्या येऊ नका, वाट पाहू नका. गुरुवारी या.”

एवढे सांगावयास पाच मिनिटे लागली. १९७३ साली ती पाच मिनिटे आमच्यापाशी होती.