घरची मोटार आणि तिच्या कमानी

चार माणसे जास्त बसली की गाडीचा मागचा भाग दबतो. मग पुष्कळजण कमानीत एक पाटा वाढवून घेतात. २०१४ साली उत्पादन थांबलेल्या अँबॅसडरला तर हा उपाय सर्रास होई. ओझे पेलते खरे. पण रिकामी गाडी उडू लागते! कमान भार झेलते, उसळी जिरवतो तो शॉक ॲब्सॉर्बर, त्यातले तेल बारीक छिद्रांतून ढकलून. कमान ताठ केली नि तो थकलेलाच ठेवला, तर चाक रस्ता सोडते. अधांतरी चाकाला ब्रेक कसला लागणार? मागे पोरे बसलेली असतात हो. तेव्हा आधी गाडीचा कोपरा दाबून सोडा. दोनतीनदा डुलली, किंवा शॉक ॲब्सॉर्बरवर तेल ओघळलेले दिसले, तर दोन्ही बाजूंचे मिळून बदला. पाट्याचे मग पाहू.