बालमधुमेह : वय आणि ऋतु

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांत धावडा हें गांव आहे. अशा गांवीं वैशाखांत एखादें मूल घटकेघटकेला पाणी मागूं लागलें, तर ऊन बाधलें असें घरच्यांस वाटावें, यांत नवल नाहीं. पौषांत अंथरूण ओलें झालें, तर दोष थंडीवर जातो. ऋतूच्या या दोन सबबींआड पहिल्या प्रकारचा मधुमेह सहज लपूं शकतो.

प्रौढांच्या नेहमींच्या मधुमेहाहून हा निराळा आहे. शरीराची रोगप्रतिकारक शक्तीच स्वादुपिंडांतील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींवर उलटते. गोड खाण्यानें तो होत नाहीं. म्हणून मातेनें स्वतःस बोल लावण्याचें कारण नाहीं.

तो कोणत्याही वयांत उद्भवतो; तथापि बालवयांत १० ते १४ वर्षांच्या सुमारास त्याचें प्रमाण सर्वांत अधिक दिसतें. वयांत येतांना शरीरास इन्शुलिन अधिक लागतें आणि उरलेल्या पेशी अपुऱ्या पडतात.

ऋतूचें कोडें याहून अवघड आहे. फिनलंडसारख्या थंड देशांत शरद व हिवाळ्यांत नवे रुग्ण अधिक, उन्हाळ्यांत कमी आढळतात. विषुववृत्तापासून दूरच्या देशांत हा भेद ठळक असतो. विषाणूंची सांथ, थंडी, सूर्यप्रकाशाची उणीव अशीं कारणें सुचविलीं जातात. परंतु कोणतेंही एकटें कारण सिद्ध झालेलें नाहीं. शिवाय पेशींवरील हल्ल्याची खूण असलेलीं प्रतिपिंडें रक्तांत कित्येक महिने, कधीं कित्येक वर्षें आधींच सांपडतात. तेव्हां आंत फार पूर्वीं सुरू झालेला ऱ्हास अमुक ऋतूंत केवळ उघडकीस येतो, असें मानणें सयुक्तिक ठरतें.

यावरून पालकांनीं घ्यावयाचा बोध साधा आहे. पंचांग पाहून हा रोग ओळखतां येत नाहीं. अति तहान, वारंवार लघवी, लघवीस मुंग्या लागणें, भूक असून वजन घटणें, हीं लक्षणें दिसतांच कोणत्याही ऋतूंत त्याच दिवशीं रक्तांतील साखर तपासून घ्यावी. बोटांतील थेंबभर रक्तावर ही तपासणी होते. उलट्या, पोटदुखी व खोल श्वास सुरू झाल्यास रक्तांत आम्ल सांचूं लागल्याचा संभव असतो. मग क्षणाचाही विलंब न लावतां रुग्णालय गांठावें.

जानेवारी १९२२ मध्यें टोरांटो येथें एका मुलास प्रथम इन्शुलिन टोंचण्यांत आलें. तत्पूर्वीं हा रोग म्हणजे मृत्युच होता. आज नियमित इन्शुलिन घेणारें मूल शाळेंत जातें, खेळतें, संसारही करितें. मात्र निदान वेळेवर व्हावें लागतें.